घरांतील बंदुकीचें दुकान

परवाना हा शब्द उच्चारला कीं सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढें एक कागद, त्यावरील शिक्का आणि तो मिळविण्यासाठीं घातलेले हेलपाटे एवढेंच चित्र उभें राहतें. पण परवान्याच्या पोटांत एक देवघेव दडलेली असते. जें करण्यास इतरांस मोकळीक नाहीं तें करण्याची मोकळीक सरकार एखाद्यास देतें, आणि त्याच्या मोबदल्यांत तो आपल्या व्यवहारांत सरकारला डोकावूं देण्याचें कबूल करतो. या देवघेवीची एक बाजू लंगडी पडली म्हणजे काय होतें हें पाहावयाचें असेल, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहत्या घरांतून चालणाऱ्या बंदुकांच्या व्यापाराचा इतिहास चाळण्यासारखा आहे.

हिंदुस्थानांतील सुशिक्षित वर्गास शस्त्रांच्या परवान्याची ओळख झाली ती १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत झालेल्या त्या कायद्यामुळें बंदूक नुसती घरांत ठेवण्यासहि परवाना लागूं लागला. येथें सरकारचा वहीम होता तो बंदूक बाळगणाऱ्यावर. अमेरिकेंतील परिस्थिति नेमकी उलट होती. १७९१ सालीं तेथील राज्यघटनेस जोडलेल्या दुसऱ्या दुरुस्तींत शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या हक्काचा उल्लेख आला. त्या कलमाच्या अर्थाविषयीं कायदेपंडितांत पुष्कळ वाद झाला, आणि हा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे असा स्पष्ट निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं दिला. परंतु त्या निर्णयाच्या कितीतरी आधींपासून खेड्यापाड्यांतील घरीं बंदूक असणें ही तेथें नेहमींची गोष्ट होती. साधी बंदूक बाळगणाऱ्याकडे मध्यवर्ती सरकारनें परवाना मागितला नाहीं. म्हणून सरकारच्या नियंत्रणाचा सारा भार विकणाऱ्यावर येऊन पडला. विकणारा कोण, तो कोठें विकतो आणि त्याची वही कोण पाहतो, हे तीन प्रश्न त्यामुळेंच तेथें इतके महत्त्वाचे ठरले.

पहिल्या महायुद्धानंतर दारूबंदीच्या काळांत अमेरिकेंतील मोठ्या शहरांतून गुंडांच्या टोळ्या माजल्या व त्यांच्या हातीं मशीनगन दिसूं लागल्या. तेव्हां १९३४ सालीं, फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष असतां, मशीनगन, आंखूड नळीच्या बंदुका आणि आवाज दाबणारीं साधनें यांच्या हस्तांतरावर २०० डॉलर कर बसविणारा कायदा झाला. त्या काळच्या मानानें ही रक्कम इतकी जबर होती कीं करानें जवळजवळ बंदीचेंच काम केलें. साध्या बंदुका व पिस्तुलें त्या कायद्यांतून सुटलीं आणि तीं १९३८ च्या दुसऱ्या कायद्याखालीं आलीं. एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत शस्त्रें पाठविणाऱ्या किंवा मागविणाऱ्या व्यापाऱ्यानें खजिना खात्याचा परवाना घ्यावा, व्यवहाराची नोंद ठेवावी, आणि हिंसेच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या अथवा फरारी इसमास जाणूनबुजून शस्त्र पाठवूं नये, असें त्यांत सांगितलें होतें. परवान्याची वार्षिक फी होती एक डॉलर.

या एका डॉलरांत पुढील साऱ्या कथेचें बीज आहे. दुकानाची जागा असलीच पाहिजे अशी अट त्या कायद्यांत नव्हती. डॉलर भरावा, अर्जावर सही करावी आणि व्यापारी व्हावें, इतकें तें सोपें होतें. ज्याला बंदुकांचा नाद आहे, ज्याला शिकारीची हौस आहे, किंवा ज्याला स्वतःसाठीं एखादी बंदूक घाऊक भावानें हवी आहे, अशा माणसानें परवाना घेतला तरी त्यांत बेकायदेशीर असें कांहीं नव्हतें. सरकारनें फी इतकी अल्प ठेवली ती व्यापाऱ्यास त्रास होऊं नये म्हणून. पण एका डॉलरांत अर्जदाराची चौकशी करण्याचा खर्चहि भागत नाहीं, याचा विचार त्या वेळीं फारसा झाला नाहीं.

शिवाय त्या दिवसांत ग्राहकाला व्यापाऱ्याच्या दारीं जाण्याचीहि गरज नव्हती. मासिकांत जाहिराती येत, ग्राहक कूपन भरून पैसे पाठवी आणि बंदूक पार्सलानें घरपोंच येई. मागणीपत्रावरील नांव खरें आहे कीं खोटें, हें पारखण्याची सोय त्या व्यवस्थेंत नव्हती. १९६३ च्या मार्च महिन्यांत डलास शहरांतील एका टपालपेटीच्या पत्त्यावर, टोपणनांवानें, शिकागोच्या एका दुकानांतून इटालियन लष्कराची एक जुनी रायफल मागविण्यांत आली. दुर्बीण व टपालखर्च धरून तिची किंमत झाली २१ डॉलर ४५ सेंट. त्याच वर्षीं २२ नोव्हेंबर रोजीं त्या रायफलीनें अध्यक्ष जॉन केनेडी यांचा वध झाला.

टपालानें होणाऱ्या पिस्तूलविक्रीस आळा घालणारें एक विधेयक कनेक्टिकट संस्थानचे सेनेटर टॉमस डॉड यांनीं या घटनेच्या आधींच, १९६३ च्या ऑगस्टमध्यें, मांडलें होतें. वधानंतर त्यांत रायफलींचाहि समावेश झाला. तरी तें विधेयक वर्षानुवर्षें रेंगाळलें. १९६८ च्या एप्रिलांत मार्टिन ल्यूथर किंग यांची आणि जूनमध्यें रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली, तेव्हां कोठें विधिमंडळ हललें. २२ ऑक्टोबर १९६८ रोजीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं नव्या कायद्यावर सही केली. परवाना नसलेल्या ग्राहकास परसंस्थानांतून टपालानें बंदूक मागविण्याची वाट बंद झाली. व्यापाऱ्याचें वय किमान २१ वर्षें ठरलें, त्याच्यापाशीं धंद्याची जागा असली पाहिजे असें ठरलें, प्रत्येक ग्राहकाकडून छापील अर्ज भरून घेणें आवश्यक झालें, आणि वार्षिक फी एका डॉलरवरून दहा डॉलरवर गेली.

कायदा करणाऱ्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु कायद्याचें पाणी कोणत्या उतारानें वाहील हें पुष्कळदां कायदा करणाऱ्यांसहि दिसत नाहीं. टपालाची वाट सामान्य माणसास बंद झाली, पण एका परवानेदाराकडून दुसऱ्या परवानेदाराकडे माल जाण्याची वाट मोकळीच होती. म्हणजे ज्याला पूर्वींप्रमाणें दूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल मागवावयाचा आहे, त्यानें स्वतःच परवानेदार व्हावें हा सरळ मार्ग उरला. आणि त्याची किंमत वर्षाला अवघे दहा डॉलर! हौशी लोकांनीं हा मार्ग धरला. अशा व्यापाऱ्यांना तेथें एक मजेदार नांव पडलें, ‘स्वयंपाकघरांतील टेबलावरचे व्यापारी’. दिवाणखान्यांत वा तळघरांत एक कुलुपबंद कपाट, स्वयंपाकघरांतील टेबलावर नोंदवही, आणि ग्राहक म्हणजे शेजारी, नातलग व नेमबाजीच्या मंडळांतील स्नेही, असें त्या दुकानाचें स्वरूप असे. दुकानाचें भाडें नाहीं, नोकराचा पगार नाहीं. त्यामुळें घाऊक किमतीवर थोडेसे डॉलर ठेवून तो माल देऊं शके. जेथें जवळचें शहर कोसोगणती दूर आहे अशा विरळ वस्तीच्या मुलखांत अशा माणसाची लोकांस खरोखरच सोय होती.

येथेंच कायद्यापुढें एक नाजूक प्रश्न उभा राहिला. धंद्याची जागा पाहिजे असें कायदा म्हणतो. मग राहतें घर ही धंद्याची जागा होऊं शकते काय? नियमांनीं याचें उत्तर मोठ्या मार्मिक रीतीनें दिलें. ज्या खासगी घराचा कोणताहि भाग लोकांस खुला नाहीं, तें घर धंद्याची जागा म्हणून मानलें जाणार नाहीं, असें त्यांत नमूद झालें. याचा अर्थ असा कीं घरांतून व्यापार करण्यास मनाई नाहीं, पण घराचा निदान एक कोपरा तरी घरपणांतून वजा केला पाहिजे. परवानाहि माणसाबरोबर फिरत नाहीं, तो त्या जागेस बांधलेला असतो. बिऱ्हाड बदललें तर आधीं सरकारला कळवून परवान्यांतील पत्ता बदलून घ्यावा लागतो.

घराचें दार ग्राहकास उघडलें, कीं तें सरकारी तपासनीसासहि उघडावें लागतें. अमेरिकन माणसास आपल्या घराच्या उंबरठ्याचा मोठा अभिमान. न्यायाधीशाच्या वॉरंटावांचून सरकारी अधिकाऱ्यानें घरांत पाऊल टाकूं नये, हें तेथील राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीचें तत्त्व. न्यू मेक्सिको संस्थानांत गहाणवटीचें दुकान चालविणाऱ्या एका परवानेदाराच्या बाबतींत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तपासनीसानें त्याच्या वह्या पाहिल्या आणि कुलुपबंद कोठींत प्रवेश मागितला. त्यानें वॉरंट आहे काय असें विचारलें. तपासनीसानें कायद्याची प्रत पुढें केली, तेव्हां कोठी उघडली गेली आणि नळ्या कापलेल्या दोन रायफली सांपडल्या. १९७२ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं, ज्यानें आपण होऊन हा नियंत्रित धंदा पत्करला व परवाना स्वीकारला, त्यानें तपासणीहि स्वीकारली असेंच धरलें पाहिजे. आरंभीं ज्या देवघेवीचा उल्लेख केला, ती या निकालांत इतक्या स्वच्छपणें मांडली गेली.

परंतु देवघेव कागदावर स्वच्छ असून भागत नाहीं. तपासावयास माणसें लागतात. शिवाय लहानसहान चुकांवरून तपासनीस प्रामाणिक माणसांना छळतात, अशी बंदूकधारकांच्या संघटनांची तक्रार होती, आणि तिला विधिमंडळांत पुष्कळ पाठिंबा मिळाला. १९ मे १९८६ रोजीं अध्यक्ष रेगन यांच्या सहीनें झालेल्या कायद्यानें वॉरंटावांचूनची नेहमींची तपासणी बारा महिन्यांतून एकदांच करतां येईल असें बंधन घातलें. व्यापारी कोणास म्हणावें याचीहि व्याख्या त्या कायद्यानें केली: उपजीविका व नफा हा प्रमुख हेतु धरून, वारंवार खरेदी व विक्री करण्यांत जो आपला वेळ व श्रम खर्च करतो तो व्यापारी. आपल्या संग्रहांतील एखादी बंदूक अधूनमधून विकणारा हौशी माणूस त्यांतून वगळला गेला.

या साऱ्याचा एकत्रित परिणाम दिसावयास वेळ लागला नाहीं. १९९२ सालीं सर्व प्रकारचे मिळून सुमारें २,८४,००० परवाने अमेरिकेंत चालू होते. देशांत पेट्रोल विकणाऱ्या पंपांपेक्षां बंदुका विकणारे अधिक झाले आहेत, असें त्या वेळीं बोललें जाई, आणि तें खोटें नव्हतें. सरकारी पाहणींत असें आढळलें कीं, यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश व्यापारी राहत्या घरांतून चालत होते, आणि कितीएकांनीं तर व्यापार म्हणून कांहींच केला नव्हता. परवाना होता तो केवळ स्वतःच्या खरेदीसाठीं. तपासणारे अधिकारी देशभर मिळून कांहीं शेंच होते. वर्षांतून एकदां तपासणी करण्याची मुभा कायद्यानें दिली होती, पण कित्येक परवानेदारांच्या दारीं अनेक वर्षांत तपासनीस फिरकतच नसे. बहुतेक गृहस्थ निरुपद्रवी होते यांत संशय नाहीं. पण त्याच गर्दींत असाहि माणूस मिसळून जाई, जो घाऊक भावानें पिस्तुलांच्या पेट्या मागवी, वहींत खोटीं नांवें लिही आणि शहरांतील अंधाऱ्या गल्ल्यांत माल खपवी. त्याच्या हातांतला परवाना शेजारच्या सज्जनाच्या परवान्यासारखाच खरा होता. टोपणनांवानें कूपन भरणाऱ्याची वाट १९६८ सालीं बंद झाली होती. आतां खोटें नांव कूपनावरून वहींत आलें, एवढाच फरक.

सुधारणा आली ती १९९३ व १९९४ या दोन वर्षांत. १९८१ सालीं रेगन यांच्यावर झालेल्या हल्ल्यांत त्यांचे वृत्तपत्र-चिटणीस जेम्स ब्रेडी जबर जखमी झाले होते. त्यांच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीनें ३० नोव्हेंबर १९९३ रोजीं झाला. ग्राहकाची पूर्वचौकशी हा त्याचा मुख्य विषय. पण त्याच कायद्यानें व्यापाऱ्याची फी पहिल्या तीन वर्षांस २०० डॉलर आणि पुढील प्रत्येक तीन वर्षांस ९० डॉलर अशी केली. पुढील वर्षीं सप्टेंबरांत झालेल्या कायद्यानें अर्जदाराचा फोटो व बोटांचे ठसे मागितले, स्थानिक पोलीसप्रमुखास अर्जाची वर्दी देणें सक्तीचें केलें, मालाची चोरी झाल्यास ४८ तासांच्या आंत कळविण्याचें बंधन घातलें, आणि आपला धंदा संस्थानच्या व गांवच्या नियमांत बसतो असें अर्जदाराकडून लिहून घेण्यास सुरुवात केली.

यांतील शेवटची अट दिसावयास क्षुल्लक, पण तिनें मोठें काम केलें. अमेरिकेंतील पुष्कळ नगरपालिका शहराचे विभाग पाडतात. हा राहण्याचा, हा व्यापाराचा, हा कारखान्यांचा. राहण्याच्या विभागांत पाटी लावून गिऱ्हाइकें बोलावणें अनेक गांवीं निषिद्ध असतें. मध्यवर्ती सरकारचा परवाना आणि नगरपालिकेचा हा नियम यांची तोंपर्यंत गांठच पडली नव्हती. आतां ती पडली, आणि कित्येक घरगुती व्यापाऱ्यांचें दुकान बंदुकीच्या कायद्यानें बंद पडलें नाहीं तें गांवच्या विभागणीच्या नकाशानें बंद पडलें. १९९४ सालीं किरकोळ विक्रेत्यांचे परवाने सुमारें २,४५,००० होते. २००५ सालीं ते सुमारें ५५,००० उरले. कोणाचाहि घटनात्मक हक्क न काढतां, केवळ फी, ठसे आणि नकाशा यांनीं दर पांच विक्रेत्यांतील जवळजवळ चार नाहींसे केले!

मग या सुधारणेनें गुन्हे थांबले काय? येथें उत्तर सावधपणें दिलें पाहिजे. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालांत असें दिसलें कीं, गुन्ह्यांत सांपडलेल्या ज्या बंदुकांचा माग चालू व्यापाऱ्यांपर्यंत लागला, त्यांपैकीं ५७ टक्के बंदुका अवघ्या १.२ टक्के व्यापाऱ्यांकडून गेल्या होत्या. ज्याच्याकडे विक्री अधिक त्याच्याकडे माग अधिक लागणार, हें खरें; पण एवढ्या मोठ्या तफावतीचें तेवढ्यानें समाधान होत नाहीं. दोष मूठभरांच्या ठायीं होता, आणि ती मूठ घरांतच होती असेंहि नव्हे. कांहीं भर बाजारपेठेंतील मोठीं दुकानेंहि त्यांत होतीं. घरगुती व्यापारी म्हणून कोणी दोषी ठरत नाहीं आणि दुकानदार म्हणून कोणी निर्दोष ठरत नाहीं. संख्या घटल्यानें झालें तें इतकेंच, कीं मूठभर तपासनीसांस उरलेल्यांकडे पाहणें थोडें शक्य झालें.

घरांतून व्यापार करण्याची चाल मात्र नाहींशी झाली नाहीं. १९९८ च्या पाहणींतहि निम्म्याहून अधिक विक्रेते राहत्या घरांतच आढळले. त्यांच्या शिरावरील जबाबदारी पेढीवाल्याइतकीच आहे. आलेली व गेलेली प्रत्येक बंदूक अनुक्रमांकासह वहींत लिहावी लागते. १९९८ च्या नोव्हेंबर अखेरपासून ग्राहकाची पूर्वचौकशी तारायंत्रापेक्षांहि जलद अशा मध्यवर्ती व्यवस्थेमार्फत होते. एकाच ग्राहकास पांच कामकाजाच्या दिवसांत दोन वा अधिक पिस्तुलें विकलीं तर वेगळी वर्दी द्यावी लागते. धंदा बंद केला म्हणजे साऱ्या वह्या वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील मार्टिन्सबर्ग येथील सरकारी दप्तरखान्यांत पाठवाव्या लागतात, कारण वीस वर्षांनंतर एखाद्या खुनाचा माग त्याच वहीपाशीं येऊन पोंचण्याचा संभव असतो. स्वयंपाकघरांतील टेबलावर लिहिलेली ओळ न्यायालयांतला पुरावा होते, ती अशी.

व्यापारी कोणास म्हणावें हा जुना वादहि मिटला नाहीं. २५ जून २०२२ रोजीं अध्यक्ष बायडेन यांच्या सहीनें झालेल्या कायद्यानें १९८६ च्या व्याख्येंतील ‘उपजीविका व नफा’ हे शब्द काढून ‘मुख्यतः नफा मिळविणें’ एवढीच कसोटी ठेवली. ज्याचें पोट त्या धंद्यावर नाहीं, पण जो नफ्यासाठीं वारंवार विकतो, त्यालाहि परवान्याच्या कक्षेंत आणावें हा त्यांतील हेतु. त्यावर आधारलेले सविस्तर नियम २०२४ सालीं निघाले आणि कित्येक संस्थानांनीं त्यांविरुद्ध लगेच न्यायालयाचीं दारें ठोठावलीं. म्हणजे पूर्वीं परवान्यांची गर्दी झाली म्हणून ती घटविली, आणि पुढें परवान्यावांचून विकणारे वाढले म्हणून परवाना घ्या असें सांगण्याची पाळी आली. देवघेवीचा तराजू स्थिर राहणें किती अवघड आहे, याचें हें उत्तम उदाहरण होय.

भारतानें याच प्रश्नाचें उत्तर वेगळ्या वाटेनें दिलें. स्वातंत्र्यपूर्व काळांत हत्यारांचा कायदा हा परदास्याचें चिन्ह म्हणून निंदिला गेला होता. १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितीपुढें हरि विष्णु कामत यांनीं शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना आणली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारांच्याहि हातीं पडेल, तेव्हां नियमनाचा अधिकार राज्याकडेच असला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. आणि ती सूचना मान्य झाली नाहीं. पुढें १९५९ च्या कायद्यानें १८७८ च्या कायद्याची जागा घेतली, तरी बाळगणारा व विकणारा या दोघांसहि परवाना हें तत्त्व कायम राहिलें. त्यामुळें भारतांत बंदुकीचें दुकान घरांत शिरण्याचा प्रश्न अमेरिकेसारखा उभा राहिला नाहीं.

दोन देशांच्या वाटा वेगळ्या. पण अमेरिकेच्या या इतिहासांतून निघणारी गोष्ट कोणत्याहि देशास लागू पडावी अशी आहे. एक डॉलरचा परवाना स्वस्त वाटला, कारण त्याचा खरा खर्च कोणीं मांडलाच नव्हता. तो खर्च तपासनीसांच्या पगारांत होता, नोंदवह्या जपून ठेवण्यांत होता, आणि परवानेदारानें आपल्या उंबरठ्याआंत परक्या माणसास येऊं देण्यांत होता. तो वेळच्या वेळीं चुकता झाला नाहीं, तेव्हां तो दूरच्या शहरांतील अशा माणसांवर पडला ज्यांनीं तें घरगुती दुकान कधीं पाहिलेंहि नव्हतें.